कच्चं दूध, गुलाबी मांस, पातळ बलक: नियम कुणासाठी, निवड कुणाची?

रानवारा

'माझं ताट, माझं पोट' विरुद्ध 'नियम आहे तो पाळा' हा वाद बहुतेक वेळा दोन वाक्यांत संपतो. नेमका कोणता जंतू, किती अंशांना, किती वेळात मरतो असं विचारलं की दोन्ही बाजू गप्प. म्हणून हा धागा.

आधी एक घोळ मिटवून टाकू. कच्चं दूध पिणं हा जवळपास कुठेच गुन्हा नाही, नियम असतो तो विक्रीवर. कॅनडात कच्च्या दुधाची विक्री पूर्ण बंद आहे. अमेरिकेत १९८७ पासून ते राज्याच्या सीमेपलीकडे पिण्यासाठी विकता येत नाही. राज्याच्या आत काय करायचं ते राज्य ठरवतं. स्कॉटलंडमध्ये १९८३ पासून बंदी, आणि शेजारच्या इंग्लंडमध्ये मात्र शेतकरी थेट गिऱ्हाइकाला विकू शकतो, फक्त बाटलीवर इशारा छापावा लागतो. दूध तेच, जंतू तेच, नियम चार तऱ्हांचे. म्हणजे इथे विज्ञानाखेरीज आणखी काहीतरी ठरवलं जातंय: किती धोका चालवून घ्यायचा आणि तो कुणाच्या वतीने.

आकडे लिहा, कृती लिहा, कुठे बिघडतं ते लिहा. 'आम्ही इतकी वर्षं खातोय, काही झालं नाही' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. ज्यांना झालं ते सहसा असे प्रतिसाद लिहायला येत नाहीत.

दुधावरची_साय

दुधापासून सुरुवात करते.

पाश्चरीकरणाच्या दोन रूढ पद्धती आहेत. ६३ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं, किंवा ७२ अंशांना १५ सेकंद. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. आधी क्षयाचा जंतू डोळ्यांसमोर होता. पुढे क्यू फिव्हरचा कॉक्सिएला जंतू त्याहून चिवट निघाला म्हणून अमेरिकेत १९५६ मध्ये जुनं तापमान साधारण एका अंशाने वर नेलं. एका अंशासाठी अख्ख्या देशातल्या यंत्रांची मांडणी बदलली, यावरून किती काटेकोर मामला आहे ते कळेल.

कारखान्यात बिघडतं ते बहुतेक तापमानात नाही, गळतीत. पत्र्यांच्या उष्णता-विनिमयकात एका बाजूने थंड कच्चं दूध वाहतं, दुसऱ्या बाजूने तापवलेलं. पत्र्याला केसाएवढी चीर गेली तर कच्चं दूध तयार दुधात शिरेल. म्हणून तयार दुधाच्या बाजूचा दाब मुद्दाम जास्त ठेवतात. गळलंच तर चांगलं दूध कच्च्यात जाईल, उलटं होणार नाही. शिवाय तापमान ठरल्याच्या खाली उतरलं की एक झडप दूध आपोआप मागे वळवते. शेवटी फॉस्फटेज चाचणी. हे दुधातलं नैसर्गिक विकर (एन्झाइम), पाश्चरीकरणाच्या तापमानाला जेमतेम निष्क्रिय होतं. ते सापडलं तर एकतर दूध पुरतं तापलेलं नाही, नाहीतर कच्चं मिसळलं आहे.

आता पोषणाबद्दल. कॅल्शियम, प्रथिनं, चरबी यांत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. ब-१, ब-१२ आणि क जीवनसत्त्व थोडं कमी होतं, पण क साठी दुधावर कुणी अवलंबून नसतं. 'कच्च्या दुधातली विकरं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचवतात' हे साफ चूक. ती पचवणारं विकर, लॅक्टेज, दुधात नसतंच, आणि लॅक्टोज दोन्हीकडे सारखंच.

घरी दूध उकळणं हे पाश्चरीकरणाच्या कितीतरी पुढचं आहे. उकळी आली म्हणजे कॅम्पिलोबॅक्टर, साल्मोनेला, ई. कोलाय, लिस्टेरिया, ब्रुसेला सगळे गेले. मात्र तीन गोष्टी उकळूनही राहतात: बॅसिलस जंतूचे बीजाणू (उष्णता सोसणारं सुप्त रूप), स्टॅफिलोकोकस जंतूने आधीच तयार केलेलं विष, आणि चाऱ्याच्या बुरशीतून उतरलेलं अफ्लाटॉक्सिन. त्यामुळे 'उकळलं की झालं' म्हणत दूध तासन् तास गरम हवेत ठेवणं बरोबर नाही.

घारू

सगळं मान्य. पण मग गोठा स्वच्छ ठेवून, दर खेपेला दूध तपासून विकलं तर? बंदीपेक्षा तपासणी बरी. ज्याला हवं तो घेईल.

दुसरं असं की कच्च्या दुधाचं चीज जगभर विकलं जातं. तिथे नियमाला धोका दिसत नाही का?

मुग्धा_क

घारू, तपासणीचं गणित तुमच्या बाजूचं नाही. समजा शंभरातल्या एका बाटलीत जंतू आहे. तुम्ही ६० बाटल्या तपासल्या तरी एकही न सापडण्याची शक्यता सुमारे ५५ टक्के उरते. ९५ टक्के खात्रीने एक तरी सापडावी म्हणून जवळपास ३०० बाटल्या फोडाव्या लागतात. मग विकणार काय?

म्हणूनच इंग्लंडच्या नियमात कच्च्या पिण्याच्या दुधाला मर्यादा दिली आहे ती एकूण जंतूंची, मिलिलिटरला २०,००० पर्यंत, आणि कोलिफॉर्म (शेण-घाणीची खूण असलेला जंतूंचा गट) १०० च्या आत. हे आकडे धार काढताना किती स्वच्छता होती ते सांगतात. रोगजंतू आहे की नाही हे सांगत नाहीत. ई. कोलाय ओ१५७ या घातक प्रकाराला आजारासाठी शंभरापेक्षा कमी जंतू पुरतात. ते निरोगी दिसणाऱ्या जनावराच्या शेणातून येतात आणि दुधाचा वास, चव, रंग काहीच बदलत नाही. नासलेलं अन्न आणि घातक अन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाक पहिलीच ओळखतं.

दुधावरची_साय

चीजचा मुद्दा चांगला काढलात. तिथे नियमच थोडा लंगडा आहे.

अमेरिकेत कच्च्या दुधाचं चीज किमान ६० दिवस, १.७ अंशांच्या वर मुरवलेलं असलं तर विकता येतं. कल्पना अशी की आम्ल, मीठ आणि कोरडेपणा मिळून जंतू संपतात. परमिजानोसारख्या चीजला हे लागू पडतं. ते कच्च्या दुधाचंच असतं, पण दही मोडल्यावर चोथा ५५ अंशांच्या आसपास तापवतात, मग महिनाभर नाही तर किमान १२ महिने मुरवतात, आणि पाणी इतकं कमी होतं की जंतूला वाढायला जागाच राहत नाही.

मऊ, पांढऱ्या बुरशीच्या चीजचं उलटं होतं. बुरशी वाढताना लॅक्टिक आम्ल खाऊन टाकते. सुरुवातीला ४.६ च्या आसपास असलेला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त) सालीजवळ ७ पर्यंत चढतो. म्हणजे मुरवत ठेवणं हेच लिस्टेरियाला आमंत्रण. अशा चीजला ६० दिवस थांबवलं तर धोका कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतो. शिवाय ओ१५७ काही चीजमध्ये ६० दिवसांनंतरही तग धरून राहिलेला आढळला आहे. एकच आकडा सगळ्या प्रकारांना लावला की असं होतं. 'नियम म्हणजे विज्ञान' म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

कायद्याचा_किडा

नियम आले कुठून ते पाहिलं तर निवडीचा प्रश्न सुटसुटीत होतो. १८५८ साली इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला पेपरमिंटच्या गोळ्यांत साखरेचं प्रमाण कमी करायला स्वस्त भुकटी घालायची होती. औषधवाल्याकडून चुकून आर्सेनिक आलं. वीसच्या आसपास माणसं गेली, दोनशेहून अधिक आजारी पडली. दोन वर्षांत भेसळविरोधी कायदा झाला. गोळी खाणाऱ्याने काही 'निवडलं' नव्हतं. पहिले नियम आले ते या जागेवर, जिथे खाणाऱ्याला दिसत नाही आणि विकणाऱ्याला ठाऊक असतं किंवा असायला हवं. शिकागोने १९०८ मध्ये पाश्चरीकरण सक्तीचं केलं तेही याच वाटेने.

पण नियमांच्या आत निवडीला जागा असते, हे लोक विसरतात. अमेरिकेच्या आदर्श अन्नसंहितेत उपाहारगृहाला अर्धकच्चं मांस किंवा अंडं द्यायला परवानगी आहे. अट एवढीच की यादीत त्या पदार्थापुढे खूण हवी आणि खाली लिहिलेलं हवं की हे कच्चं किंवा कमी शिजवलेलं आहे, याने आजाराचा धोका वाढतो. आणि एक अपवाद: मुलांसाठीच्या यादीत कमी शिजवलेलं खिमा-मांस ठेवायचं नाही. तिथे खूण करूनही चालत नाही.

माझ्या मते सगळ्या वादातली ही सर्वांत शहाणी ओळ आहे. प्रौढ माणसाला सांगून द्या. मुलाच्या वतीने कुणी सही करू नये.

घारू

छान. म्हणजे खूण केली की प्रश्न संपला. मग दुधावर खूण करून का नाही विकत? मांसाला एक न्याय, दुधाला दुसरा?

कायद्याचा_किडा

कारण उपाहारगृहातली थाळी मागवणाराच खातो. दुधाची बाटली घरी जाते आणि ती कोण पितं हे विकणाऱ्याला कळत नाही. घरात दूध सर्वांत जास्त पितात ती मुलं. बाटलीवरचा इशारा त्यांनी वाचलेला नसतो.

तरी इंग्लंडने तोच मार्ग घेतला आहे हे तुमच्या बाजूने नोंदवतो. इटलीत कच्च्या दुधाची यंत्रं आहेत, त्यांच्यावर 'उकळून प्या' लिहिणं बंधनकारक आहे.

तापमापी

मांसाबद्दल बोलू, कारण 'गुलाबी असेल तर धोक्याचं' हे निम्मंच खरं आहे.

अखंड तुकड्यात जंतू असतात पृष्ठभागावर. बाहेरून नीट भाजला तर आतून कच्चा राहिला तरी धोका खूप कमी. खिमा केला की पृष्ठभाग आत जातो. १९९३ मध्ये अमेरिकेत कमी शिजलेल्या बर्गरमुळे सातशेहून अधिक लोक आजारी पडले, चार मुलं दगावली. १९९४ मध्ये खिम्यातला ओ१५७ थेट भेसळ ठरवला गेला, म्हणजे सापडला की माल बाद. खिम्यासाठी घरगुती सूचना ७१ अंश आहे ती यामुळे.

मधला प्रकार फसवा. काही अखंड तुकडे मऊ करायला यंत्राच्या सुयांनी टोचलेले असतात. दिसतो अख्खा तुकडा, वागतो खिम्यासारखा. अमेरिकेत २०१६ पासून गोमांसाच्या अशा पाकिटावर तसं छापावं लागतं. न छापता विकला तर गिऱ्हाइकाच्या 'निवडी'ला काही अर्थच राहत नाही.

आता आकडे. ब्रिटनमध्ये वापरतात त्या समतुल्य जोड्या अशा: ६० अंशांना ४५ मिनिटं, ६५ ला १० मिनिटं, ७० ला २ मिनिटं, ७५ ला ३० सेकंद, ८० ला ६ सेकंद. परिणाम पाचही ठिकाणी एकच. दहा अंश वाढले की वेळ विसाव्या हिश्श्यावर येतो. नियमपुस्तकात '७४ अंश' किंवा '७५ अंश' असं एकच तापमान दिसतं, कारण ते गाठलं की घड्याळ बघावं लागत नाही. घाईच्या स्वयंपाकघरात ४५ मिनिटं ६० अंश धरून ठेवण्याची हमी कोण देणार? म्हणजे तो नियम जीवशास्त्राचा कमी आणि माणसाच्या स्वभावाचा जास्त आहे.

ज्याला घरी कोंबडी ६० अंशांवर, रसाळ हवी आहे त्याला ती पिशवीत बंद करून, ठरल्या तापमानाच्या पाण्यात ठेवून सुरक्षितपणे करता येते. पण:

वेळ मोजायचा तो मध्यभाग ६० ला पोचल्यापासून, पाण्यात टाकल्यापासून नाही. जाडी दुप्पट झाली की मध्यभाग तापायला साधारण चौपट वेळ लागतो, त्यामुळे २ सेंटिमीटरचा अंदाज ४ सेंटिमीटरला लावू नका. पिशव्या एकमेकींवर चिकटल्या तर त्यांचा एकच जाड तुकडा होतो. हीच चूक सगळ्यात जास्त होते. तापमापीचं टोक सर्वांत जाड जागी हवं, हाडाला लागता कामा नये. आणि रंगावर जाऊ नका. खिमा कधी कधी ७१ च्या बराच खाली तपकिरी होतो, आणि पुरता शिजलेला तुकडाही गुलाबी राहू शकतो.

मुग्धा_क

तापमापी यांच्या प्रतिसादाला जोडून जपानचं उदाहरण देते. २०११ च्या एप्रिलमध्ये तिथे कच्च्या गोमांसाच्या पदार्थातून साथ आली, पाच जण गेले. त्यावर सरकारने सरसकट बंदी घातली नाही. नियम असा केला की कच्चं द्यायचं मांस पृष्ठभागापासून १ सेंटिमीटर खोलीपर्यंत ६० अंशांना २ मिनिटं किंवा त्याला समतुल्य तापवायचं, मग तो शिजलेला भाग कापून टाकायचा, आतला द्यायचा.

गुरांच्या काळजाचं (यकृताचं) मात्र २०१२ च्या जुलैपासून कच्चं देणंच बंद केलं. फरक का? घातक ई. कोलाय काळजाच्या आत सापडला. पृष्ठभाग तापवून, कापून उपयोग नाही. एकाच देशात, एकाच जनावराच्या दोन भागांना दोन नियम, आणि दोन्ही नियमांमागे जंतू कुठे बसतो एवढाच विचार. मला चांगल्या नियमाचं हे चित्र वाटतं. वाईट नियम म्हणजे साय यांनी सांगितलेला ६० दिवसांचा.

निमिषा

अंड्यांबद्दल कुणी लिहील का? काही देशांत अंडी धुऊन थंड ठेवून विकतात, काही ठिकाणी धुणं चालत नाही. दोन्ही बरोबर कसं असेल? आणि कच्च्या बलकाचं मेयोनेझ घरी करणं कितपत ठीक?

तापमापी

दोन्ही बरोबर आहे, फक्त अर्धं उचललं तर चूक. कवचावर पातळ नैसर्गिक लेप असतो, धुताना तो जातो. अमेरिकेत धुतात, मग साधारण ७ अंशांच्या खाली ठेवणं भाग पडतं. युरोपीय संघात पहिल्या दर्जाची अंडी सहसा धुतच नाहीत, लेप शाबूत ठेवतात. धुतलेलं अंडं बाहेर ठेवणं हा दोन्ही पद्धतींतला वाईट भाग एकत्र करणं झालं. तसंच थंड अंडं दमट हवेत बाहेर काढलं की कवचावर पाणी धरतं आणि छिद्रांतून जंतू आत ओढले जायला मदत होते. एकदा थंड केलं की थंडच ठेवा.

पण साल्मोनेला एन्टेरायटिडिस कोंबडीच्या अंडाशयातूनच अंड्यात येऊ शकतो, तिथे कवच कितीही धुतलं तरी फरक नाही. ब्रिटनने कोंबड्यांना लस देण्यावर भर दिला आणि २०१७ मध्ये सल्लाच बदलला: सिंहाच्या शिक्क्याची अंडी गर्भवतींनी आणि लहान मुलांनीही पातळ खाल्ली तरी चालतील. नियम सैल झाला तो लोकांनी मागणी केली म्हणून नव्हे, धोका मुळाशी कमी झाला म्हणून.

मेयोनेझ: पीएच ४.१ किंवा त्याखाली आणा, आम्ल व्हिनेगरचं असलेलं बरं. त्याच पीएचला लिंबापेक्षा अॅसिटिक आम्ल साल्मोनेलावर जास्त काम करतं. गंमत पुढे आहे. केल्या केल्या फ्रिजमध्ये टाकलं तर जंतू मरायचे थांबतात, कारण थंडीत आम्लाचा परिणाम मंदावतो. म्हणून आम्ल पुरेसं असेल तर आधी साधारण २० अंशांना २४ तास ठेवून मग थंड करायचं. पण हे फक्त पीएच मोजला असेल तरच. आम्ल कमी पडलं असेल तर तेच २४ तास जंतू वाढवण्याचे ठरतात. मोजायला यंत्र नसेल तर पाश्चरीकृत अंडी वापरा. घरी करायची झाल्यास अख्खं अंडं ५७ अंशांच्या पाण्यात साधारण सव्वा तास, तापमान अर्धा अंशही खाली न जाऊ देता. पांढरा भाग किंचित गढूळ होतो आणि फेटायला जास्त वेळ घेतो, बाकी काही नाही.

घारू

सगळं दूध-मांस-अंडं चाललंय. कोंब आलेल्या बियांचं काय? २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या कोंबांतून ई. कोलायची साथ आली, ३,८०० हून अधिक लोक आजारी, पन्नासहून अधिक मृत्यू. कच्चे कोंब तरी सगळीकडे विकले जातात, इशाऱ्याशिवाय. का? कारण ते 'आरोग्यदायी' दिसतात. कच्चं दूध 'मागासलेलं' दिसतं. नियम धोक्याला लावले जात नाहीत, प्रतिमेला लावले जातात.

मुग्धा_क

यात तथ्य आहे. कोंब आणायची कृती आणि प्रयोगशाळेत जंतू वाढवायची कृती यात फारसा फरक नाही: ओलावा, २० ते ३० अंश, तीन ते पाच दिवस, बियांतून झिरपणारं खाद्य. बीच्या भेगेत दहा जंतू असले तरी शेवटी ग्रॅमला लाखांवर जाऊ शकतात. तयार कोंब धुऊन उपयोग नाही, जंतू आत आणि मुळांच्या केसांत असतात. बियांवर क्लोरीनची तीव्र प्रक्रिया करतात, तीही पूर्ण खात्रीची नाही. वाफ देऊन किंवा शिजवून खाल्ले तर प्रश्न मिटतो.

एक दुरुस्ती मात्र. अनेक देशांनी गर्भवती, लहान मुलं, वृद्ध यांना कच्चे कोंब टाळा असा सल्ला दिलेला आहे. सल्ला आहे, लेबल नाही. तुमचा आक्षेप त्या फरकावर असेल तर मी तुमच्याकडून.

रानवारा

साखरेची पेयं, वनस्पती तूप यांच्यावरही काही प्रतिसाद आले होते, ते वेगळ्या धाग्यात हलवले. एवढंच इथे ठेवतो: डेन्मार्कने २००३ मध्ये औद्योगिक ट्रान्स फॅट चरबीच्या २ टक्क्यांवर आणलं, कुणाला चवीत फरक कळला नाही, विरोधही टिकला नाही. न्यूयॉर्क शहराने साखरेच्या पेयांच्या मोठ्या पेल्यांवर मर्यादा आणली ती २०१४ मध्ये न्यायालयात पडली. लोक न दिसणारी गोष्ट काढून घेतलेली सोसतात, हातातला पेला काढून घेतलेला सोसत नाहीत. पण हे सावकाश होणाऱ्या अपायाचं आहे, एका घासाचं नाही. इथे घासाबद्दलच बोलू.

अळणी

घासाबद्दलच बोलायचं तर ज्या जागी एकही नियम पोचत नाही ती जागा राहिली: घरचं स्वयंपाकघर. आणि तिथला सर्वांत घातक प्रकार हवाबंद बरणी.

बॉट्युलिझमचा (स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेचा) जंतू कच्च्या दुधाइतका चर्चेत नसतो, पण त्याचे बीजाणू मातीत सगळीकडे आहेत आणि उकळत्या पाण्यात तासन् तास टिकतात. हवा नाही, आम्ल कमी, ओलावा भरपूर, फ्रिजबाहेर: या चार अटी जुळल्या की विष तयार होतं. बरणी फुगेलच किंवा वास येईलच असं नाही.

सीमारेषा पीएच ४.६. त्याखाली बीजाणू रुजत नाहीत, उकळत्या पाण्यात बरण्या ठेवणं पुरतं. त्यावर, म्हणजे भाज्या, शेंगा, मांस, मासे, उकळणं पुरत नाही. कारखान्यात मध्यभाग १२१ अंशांना किमान ३ मिनिटं तापवतात. घरी त्यासाठी बरण्यांसाठीचं मोठं दाबयंत्र (प्रेशर कॅनर) लागतं, समुद्रसपाटीला १० ते ११ पौंड दाबाला साधारण ११६ अंश मिळतात, आणि वेळ पदार्थानुसार जास्त. साधा लहान प्रेशर कुकर चालत नाही. तो पटकन तापतो आणि पटकन निवतो. तपासलेल्या वेळांत मोठं यंत्र तापण्याचा आणि निवण्याचा वेळही धरलेला असतो, तो लहान कुकरमध्ये मिळत नाही. झाकण लावल्यावर १० मिनिटं वाफ मोकळी सोडायची, नाहीतर आत हवा राहते आणि दाब बरोबर दिसूनही तापमान कमी राहतं.

टोमॅटो नेमका ४.६ च्या आसपास खेळतो. म्हणून लिटरभर बरणीला २ मोठे चमचे बाटलीतला लिंबाचा रस किंवा अर्धा लहान चमचा सायट्रिक आम्ल घालायचं. ताजं लिंबू नको, त्याचं आम्ल फळागणिक बदलतं, बाटलीतलं ठरलेलं असतं.

तेलात बुडवलेला कच्चा लसूण हा नेमका या चार अटींचा नमुना. उत्तर अमेरिकेत त्यावरून आजार झाल्यावर १९८९ मध्ये अमेरिकेने बाजारातल्या अशा बाटल्यांत आम्ल घालणं सक्तीचं केलं. घरी केलं तर फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा, उरलं तर गोठवा. सुशोभित बाटलीत ओट्यावर मांडून ठेवू नका.

संशयास्पद बरणी चाखून पाहू नये. विष उष्णतेने मोडतं, १० मिनिटं खळखळून उकळलं की जातं, पण तो बचावाचा शेवटचा मार्ग आहे, कृतीचा भाग नव्हे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत तेही याच जंतूमुळे. बाळाच्या आतड्यात बीजाणू रुजू शकतात, मोठ्यांच्या सहसा नाही.

घारू

म्हणजे सर्वांत धोक्याची गोष्ट कुणीही घरी करू शकतं, शेजाऱ्याला भेट देऊ शकतं, आणि कच्चं दूध विकणारा गुन्हेगार. माझा मुद्दा सिद्ध झाला असं वाटतं.

कायद्याचा_किडा

उलट झाला. भेट दिलेल्या बरणीतून एक घर आजारी पडतं. दुधाच्या टाकीतून शंभर घरं आजारी पडतात, आणि लिस्टेरिया असेल तर खाल्ल्यापासून आजारापर्यंत ७० दिवसही जाऊ शकतात. तेव्हा कुणी काय खाल्लं होतं हे सांगता येत नाही. गर्भवतीला स्वतःला किरकोळ ताप येतो, गर्भ जातो. हे 'माझं पोट' मध्ये कसं बसवायचं ते सांगा. नियम घराच्या दारात थांबतो तो घर सुरक्षित आहे म्हणून नाही. आत शिरायचं म्हटलं तर घराघरांत निरीक्षक लागतील, तो इलाज आजारापेक्षा भारी.

घारू

शेवटचं वाक्य पटलं. त्याआधीचं नाही. शंभर प्रौढ घरांनी वाचून, समजून, एकाच गोठ्याचं दूध घेतलं तर ती शंभर निवडी आहेत.

मुग्धा_क

शंभर घरांत मुलं किती?

ओ१५७ झालेल्या साधारण ५ ते १० टक्के रुग्णांना मूत्रपिंडाचा गंभीर त्रास होतो, आणि त्यात पाच वर्षांखालची मुलं सर्वांत जास्त. याच्यावर प्रतिजैविकं उपयोगी नाहीत, उलट त्रास वाढू शकतो. तुमच्या शंभरातून मुलांची घरं वगळा, मग पुढे बोलू.

घारू

वगळली. विक्री फक्त प्रौढांना, फक्त गोठ्यावरून, इशाऱ्यासह. आता?

मुग्धा_क

आता मी विरोध करणार नाही. पिणारही नाही.

निमिषा

एक साधा प्रश्न राहिला. मोठ्या पातेल्यात केलेला भात किंवा रस्सा दुसऱ्या दिवशी कडक गरम करून खाल्ला तर चालतो ना? आणि हे सगळे आकडे घरच्या तापमापीवर किती विश्वासाने वापरायचे?

तापमापी

गरम करण्यावर भिस्त ठेवू नका. भातात बॅसिलस सेरियसचे बीजाणू शिजवूनही राहतात, कोमट भातात रुजतात आणि उलटीचं विष तयार करतात. ते विष १२१ अंशांनाही टिकतं. रश्शात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स, तो ४३ ते ४७ अंशांना दहा मिनिटांच्या आत दुप्पट होतो. काम थंड करण्यात आहे: ५७ वरून २१ पर्यंत दोन तासांत, आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत. खोल पातेलं तसंच फ्रिजमध्ये ठेवलं तर मध्यभाग रात्रभर कोमट राहतो. पसरट भांड्यात ५ सेंटिमीटरपेक्षा कमी थर करा, वाफ जाईपर्यंत झाकण उघडं, रस्सा बर्फाच्या पाण्यात भांडं ठेवून ढवळा.

तापमापी तपासायची ती बर्फाने. पेल्यात चुरलेला बर्फ काठोकाठ, त्यात फटी भरतील इतकंच थंड पाणी, ढवळून एक मिनिट थांबा, टोक मध्यभागी, तळाला न टेकवता. ० दिसायला हवं. उकळत्या पाण्याने तपासलं तर उंची धरा, दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंश उतरतो. ७५ च्या नियमात एका अंशाची चूक पचून जाते. ६० च्या बेतात नाही. वरच्याच जोड्यांवरून हिशेब केला तर खरं तापमान ५९ असेल तेव्हा ४५ मिनिटांचे साधारण ६१ होतात, आणि तुम्ही मात्र पाऊण तासाला पिशवी बाहेर काढलेली असते.